जुलैचा पैसा आणि शनिवारचा पैसा

उत्तर वेल्समधल्या बँगोर गावात फॅरार रोडवर अॅस्डाचं मोठं दुकान आहे. आठवड्याची भाजी, दूध, कणीक मी तिथूनच आणते. सप्टेंबर 1962 मध्ये याच जागेवरच्या फुटबॉल मैदानात बँगोर सिटी या गावच्या क्लबने इटलीच्या नापोलीला 2-0 असं हरवलं होतं. नापोली त्या वर्षी इटलीचा करंडक जिंकून युरोपच्या कप विनर्स कपमध्ये उतरलं होतं, आणि बँगोर सिटी चेशायर काउंटी लीग या स्थानिक लीगमध्ये खेळत होतं. परतीच्या सामन्यात नापोलीने 3-1 ने हिशेब चुकता केला. परक्या मैदानावरचा गोल जास्त मोलाचा धरायचा नियम तेव्हा आलेला नव्हता, नाहीतर बँगोर तिथेच पुढच्या फेरीत गेलं असतं. मग लंडनला, आर्सेनलच्या हायबरी मैदानावर, तिसरा सामना झाला आणि त्यात बँगोर 2-1 ने हरलं. 1985 साली त्याच फॅरार रोडवर अॅटलेटिको माद्रिदही येऊन खेळून गेलं.

2011 च्या डिसेंबरात तिथला शेवटचा सामना झाला. जागा दुकानाकडे गेली आणि क्लब मेनाईच्या खाडीकाठी नांटपोर्थला नव्या मैदानावर गेला. पुढच्या दहा वर्षांत तो क्लबही संपला.

मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. शाहू स्टेडियमवर बाबांच्या खांद्यावर बसून मी पहिला सामना पाहिला. पेठेची तालीम, तालमीचा संघ, संघासाठी दारोदार फिरून गोळा केलेली वर्गणी, हरल्यावर दोन दिवस सुतकी चेहऱ्याने फिरणारी गल्ली, हे सगळं बघत वाढले. त्यामुळे नवऱ्याच्या नोकरीसाठी इथे आलो तेव्हा प्रीमियर लीगच्या झगमगाटापेक्षा मला या गावांतले छोटे क्लब लवकर आपले वाटले. दोन-तीनशे माणसं, एकमेकांना नावाने ओळखणारी, आणि मैदानावर धावणारा मुलगा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक. पण जसजशी त्यांच्यात रुळले तसतसा एक प्रश्न छळायला लागला. एवढ्या जिवापाड जपलेल्या गोष्टी इतक्या वेळा मरतात कशा? बँगोर सिटी गेलं, रिल गेलं, लानेली गेलं, नीथ गेलं, मर्थर टिडफिल गेलं. बॅरी मरता मरता वाचलं. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली ही यादी आहे, आणि लोकसंख्या जेमतेम तीस लाखांवर असलेल्या देशातली.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. कार्डिफ, स्वान्सी, रेक्सम, न्यूपोर्ट हे वेल्सचे मोठे क्लब शंभर वर्षांपासून इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतात. वेल्सला स्वतःची राष्ट्रीय लीग मिळाली ती 1992 साली. स्वतःची लीग नसेल तर स्वतंत्र देश म्हणून आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये आपलं स्थान धोक्यात येईल, ही भीती त्यामागे होती. आठ क्लबांनी विरोध केला. त्यातले काही हट्टाने इंग्लंडच्या लीगमध्येच राहिले, आणि स्वतःच्या मैदानावर खेळायला बंदी आली म्हणून सीमेपलीकडे भाड्याची मैदानं घेऊन खेळले. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1995 साली तीन क्लबांच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे ही लीग जन्मली तीच भांडणात, आणि तिच्या वाट्याला आले ते छोट्या गावांचे क्लब. आज तिला कमरी प्रीमियर म्हणतात. 2010 साली ती बारा संघांची झाली. एखाद-दुसरा क्लब सोडला तर बहुतेक खेळाडू सेमी-प्रो, म्हणजे दिवसभर शाळेत शिकवणारे, वायरिंग करणारे, गोदामात काम करणारे. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. लांबच्या सामन्याला बुधवारी जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा टाकायची. वेल्सच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारे रस्ते डोंगरातून वळणं घेत जातात. चार-साडेचार तास बसमध्ये, मग नव्वद मिनिटं मैदानावर, मग पुन्हा बस, आणि सकाळी आठला कामावर.

या क्लबांकडे दोन तऱ्हेचा पैसा येतो. एकाला मी शनिवारचा पैसा म्हणते आणि दुसऱ्याला जुलैचा.

शनिवारचा पैसा कसा असतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. फाटकाशी एक आजोबा टेबल टाकून बसलेले असतात. समोर चिल्लरचा डबा, अलीकडे शेजारी कार्डाचं मशीन. तिकीट काढलं की त्यांच्या बाजूला उभ्या बाई लकी ड्रॉची चिठ्ठी पुढे करतात. जमलेल्यातला अर्धा पैसा जिंकणाऱ्याला, अर्धा क्लबला. चहाच्या खोलीत वाफाळता चहा, चिप्स आणि 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री. सामन्याचा चेंडू गावातल्या खाटकाने प्रायोजित केलेला, आणि पुस्तिकेत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याच्या कपड्यांचा खर्च उचलणाऱ्याचं नाव. कधी ते दुकान असतं, कधी त्याची आजी. मध्यंतराला लाउडस्पीकरवर ड्रॉचा नंबर पुकारला जातो, जिंकणारा माणूस उठतो, आणि त्यातली निम्मी रक्कम पुन्हा त्याच डब्यात टाकून येतो. हे मी बऱ्याचदा पाहिलंय आणि दर वेळी गळ्याशी काहीतरी येतं. एवढं सगळं करून एका सामन्याला काही शे प्रेक्षकांतून जे जमतं त्यातून पंच, बस, दिवे, इस्त्री-धुलाई आणि थोडेफार मानधन भागवायचं. पाऊस पडून सामना रद्द झाला की तोही आठवडा कोरडा.

जुलैचा पैसा याच्या अगदी उलट. लीगमध्ये वर आलेले आणि वेल्श कप जिंकणारा असे काही क्लब दर उन्हाळ्यात युरोपियन स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांत जातात. इथला मोसम सुरू व्हायच्याही आधी, जुलैमध्ये. तिथे पहिल्याच फेरीत हरलं तरी युएफाकडून, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेकडून, एक ठरावीक रक्कम मिळते. कॉन्फरन्स लीग ही युरोपची तिसऱ्या दर्जाची स्पर्धा सुरू झाली तेव्हाच्या तीन वर्षांत पहिल्या फेरीत बाद होणाऱ्या क्लबला दीड लाख युरो मिळत. पुढे सरकलं की आकडा वाढत जातो. शनिवारच्या डब्यात पौंडापौंडाने जमवणाऱ्या क्लबला दोन सामन्यांत वर्षभराचं बजेट हाती येतं. त्यात शेवटची एक जागा मे महिन्यातल्या प्लेऑफने, म्हणजे लीगनंतरच्या बाद सामन्यांनी, ठरते. 2023 साली हॅवरफर्डवेस्ट काउंटी सातव्या क्रमांकावर संपवूनही प्लेऑफ जिंकून युरोपला गेलं, आणि तिथे उत्तर मॅसेडोनियाच्या श्केन्दियाला पेनल्टीवर हरवून पुढच्या फेरीतही पोहोचलं. मेमधल्या एका पेनल्टीने एखाद्या गावाच्या क्लबचं पुढचं वर्ष पालटू शकतं.

हे वाचताना छान वाटतं आणि आहेही छान. पण पैसा असा आला की माणसं त्याच्या भरवशावर पुढच्या वर्षाचे करार करतात, आणि पुढच्या वर्षी पेनल्टी खांबाला लागते.

बॅरी टाउनची गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी, कारण पुढच्या साऱ्या गोष्टींचं बीज तिच्यात आहे. दक्षिण वेल्सचं हे बंदराचं गाव. नव्वदच्या दशकात बॅरीने खेळाडूंना पूर्णवेळ पगारावर घेतलं आणि 1996 ते 2003 या आठ वर्षांत सात वेळा लीग जिंकली. 2001 साली त्यांनी अझरबैजानच्या शामकिरला हरवलं. चॅम्पियन्स लीगमध्ये वेल्श लीगच्या क्लबने फेरी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मग पोर्टोकडून 8-0 असा सडकून मार खाल्ला, आणि आठवड्याने आपल्या जेनर पार्कवर त्याच पोर्टोला 3-1 ने हरवलं. आजही बॅरीत कुणाशी पाच मिनिटं बोललं तर ते 3-1 निघतंच. पण पगाराचा तो डोलारा युरोपच्या पैशावर आणि वरून येणाऱ्या मदतीवर उभा होता. 2003 च्या उन्हाळ्यात युरोपमध्ये पहिल्याच फेरीत बाद झाले आणि कर्जाचा ढीग समोर आला. क्लब प्रशासकाच्या हाती गेला, पगारी खेळाडू गेले, आणि वर्षभरात सात वेळचा विजेता खालच्या लीगमध्ये फेकला गेला.

रिलचंही तेच, फक्त जास्त हळूहळू. समुद्रकिनाऱ्यावरचं, जुन्या काळी सुट्टीला येणाऱ्यांनी गजबजलेलं हे गाव. क्लब 1879 सालचा. 2009 साली लीग जिंकली, चॅम्पियन्स लीगला गेले, पार्टिझान बेलग्रेडकडून दोन सामन्यांत बारा गोल खाल्ले. पुढच्याच वर्षी वेल्सच्या फुटबॉल असोसिएशनने परवाना नाकारला आणि त्यांना खाली जावं लागलं. इथे वरच्या लीगमध्ये खेळायला दरवर्षी परवाना लागतो. मैदान, दिवे, प्रशिक्षकांची पात्रता आणि हिशेबाची कागदपत्रं तपासली जातात. संघ मैदानावर कितीही चांगला खेळला तरी वह्या नीट नसतील तर जागा जाते. रिल नंतर वर आलं, पुन्हा गेलं, आणि 2020 च्या एप्रिलमध्ये क्लब कायमचा गुंडाळला. लानेलीने 2008 साली लीग जिंकली होती. 2013 साली थकलेल्या करापायी कोर्टाने तो बंद केला. नीथने नावाजलेले जुने खेळाडू आणले, युरोप गाठलं, आणि 2012 साली तोही कोर्टातच संपला.

या सगळ्या क्लबांना लोक महत्त्वाकांक्षी म्हणत. मला तो शब्द त्यांच्यासाठी वापरणं पटत नाही. खेळाडूला आपल्या उत्पन्नापेक्षा जास्त मानधन कबूल करणं, आणि ते पुढच्या जुलैच्या आशेवर किंवा एका धनिकाच्या मर्जीवर सोडणं, यात धाडस कुणाचं? बुडाल्यावर धनिक दुसऱ्या धंद्याला लागतो, खेळाडू दुसऱ्या क्लबला जातो. मागे राहतात ते फाटकाशी बसलेले आजोबा आणि चहाच्या खोलीतल्या बाई. धोका पत्करणारा एक आणि फेडणारा दुसरा, एवढं अंतर ज्या व्यवहारात आहे त्याला मी जुगारच म्हणेन.

आता कुणी विचारेल, मग टीएनएसचं काय? विचारायलाच हवं, कारण तो क्लब माझ्या म्हणण्याला सरळ छेद देतो. लानसांतफ्रैद हे सीमेलगतचं हजारभर वस्तीचं खेडं. त्यांच्या संघाने 1996 साली बॅरीला हरवून वेल्श कप जिंकला. त्याच सुमाराला जवळच्या ऑझवेस्ट्रीतल्या एका कंप्युटर कंपनीने पाठबळ दिलं आणि क्लबच्या नावात कंपनीचं नाव आलं, टोटल नेटवर्क सोल्यूशन्स. 2005 साली चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच फेरीत त्यांची गाठ पडली ती नुकत्याच युरोपचा राजा झालेल्या लिव्हरपूलशी. दोन्ही सामने 3-0 ने हरले. पुढे कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली, तेव्हा आद्याक्षरं तीच ठेवून क्लब द न्यू सेंट्स झाला. कंपनी गेली तरी तिचे मालक माइक हॅरिस क्लबबरोबर राहिले. 2016 च्या डिसेंबरात टीएनएसने सलग सत्तावीस विजय मिळवून योहान क्रायफच्या काळातल्या अयाक्सचा विक्रम मोडला. 2024 साली तर ते कॉन्फरन्स लीगच्या मुख्य टप्प्यात पोहोचले. वेल्श लीगमधल्या क्लबसाठी ही पहिलीच वेळ. नुसत्या तिथे पोहोचण्याचे तीस लाख युरोहून जास्त. फ्लॉरेन्सला जाऊन फिओरेन्टिनाशी खेळले, कझाकस्तानच्या अस्तानाला घरच्या सामन्यात 2-0 ने हरवलं.

टीएनएस पूर्णवेळ क्लब आहे आणि जवळजवळ दरवर्षी लीग जिंकतो. म्हणून इथे बरेच लोक त्याच्यावर खार खाऊन असतात, त्यात तो सीमेपलीकडे इंग्लंडात ऑझवेस्ट्रीला खेळतो हेही आलं. मला तो राग समजतो. पण दोन गोष्टी मान्य करायलाच हव्यात. एक म्हणजे पाठबळ देणारा माणूस पंचवीस-तीस वर्षं टिकून राहिला, आणि असं क्वचित होतं. दुसरी म्हणजे त्यांनी पैसा मैदानात घातला. पार्क हॉल या त्यांच्या मैदानाला कृत्रिम गवत, जिम, सभागृह, लहान मुलांचे वर्ग. आठवडाभर तिथे कुणी ना कुणी पैसे देऊन खेळत असतं.

मला वाटतं सगळं शेवटी मैदानापाशीच येतं. साध्या गवताचं मैदान इथल्या पावसात आठवड्याला एक-दोन सामने सोसतं. त्याहून जास्त खेळवलं तर चिखल होतो. म्हणजे क्लबच्या हातातली सगळ्यात मोठी मालमत्ता पाच-सहा दिवस नुसती पडून राहते. कृत्रिम गवत टाकलं की सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी शाळा, मुलींचे संघ, ऑफिसातली मंडळी तासाच्या भाड्याने खेळतात. बालाचंच बघा. तळ्याकाठचं दोनेक हजार वस्तीचं गाव, तरी युरोपला कितीदा गेलंय. त्यांच्या मेस टेगिड मैदानावर कृत्रिम गवत आहे. गावातली पोरं तिथे हिवाळ्याच्या अंधारातही खेळताना दिसतात, आणि ते भाडं पावसालाही घाबरत नाही. ब्रॉटनचा एअरबसचा संघ तर विमानांचे पंख बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारात खेळतो. धावपट्टी शेजारीच असल्यामुळे दिव्यांचे खांब खाली घेता येतील असे बनवले आहेत. ज्याला जागा आहे तो टिकतो.

आणि गंमत नव्हे, दुःख याचं की वेल्श क्लबांच्या मोठ्यात मोठ्या रात्री परक्याच्या मैदानावर झाल्या. युएफाच्या अटींत गावचं मैदान बसत नाही. खुर्च्या कमी, दिवे कमी, पत्रकारांची खोली नाही. हॅवरफर्डवेस्टने श्केन्दियाला हरवलं ते गावापासून दीडशे किलोमीटरवर, कार्डिफ सिटीच्या स्टेडियमवर. बाला आणि प्रेस्टॅटिन आपले युरोपचे सामने रिलच्या बेल व्ह्यू मैदानावर खेळले आहेत, म्हणजे त्याच रिलमध्ये जिथला स्वतःचा क्लब पुढे बुडाला. टीएनएससुद्धा त्या ऐतिहासिक मोसमात घरचे सामने श्रूझबरीत खेळलं. गावातल्या बारमध्ये त्या रात्री जी विक्री झाली असती, ज्या पोराने पहिल्यांदा गावच्या मैदानावर परदेशी संघ बघितला असता, ते सगळं दुसऱ्या शहराच्या पदरात.

2024 च्या जुलैत कायर्नार्वन टाउन पहिल्यांदा युरोपला गेलं. कायर्नार्वन आमच्या बँगोरचा जुना वैरी, मध्ये जेमतेम दहा मैलांचं अंतर. त्यांचं मैदान ओव्हल अटींत बसेना म्हणून सामना आमच्या नांटपोर्थला ठेवला. त्या संध्याकाळी पिवळे-हिरवे मफलर घातलेली माणसं बँगोरच्या रस्त्यांवरून वाजतगाजत गेली. समोर बेलफास्टचे क्रुसेडर्स. कायर्नार्वन 2-0 ने जिंकलं, बेलफास्टला 3-1 ने हरलं, आणि मग लांबत गेलेल्या पेनल्टींवर पुढे गेलं. पुढच्या फेरीत लेगिया वॉर्सॉने त्यांना दोन सामन्यांत अकरा गोल घातले. तरी त्या दुसऱ्या सामन्याला नांटपोर्थवर कुणी लवकर उठून गेलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बँगोरच्या एका बाई, ज्यांनी आयुष्यभर कायर्नार्वनविरुद्ध घसा कोरडा केला, त्या शेवटच्या शिटीनंतर उभं राहून टाळ्या वाजवत होत्या.

आता बँगोरचं. 2018 साली बँगोर सिटी लीगमध्ये दुसरं आलं, आणि तरीही आर्थिक कारणावरून परवाना नाकारला गेल्याने खाली ढकललं गेलं. मालक बदलले. 2021 साली खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले म्हणून असोसिएशनने निलंबित केलं, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला क्लबने लीगच सोडली. 1876 सालचा क्लब, नापोलीला हरवणारा. पण गावाने त्याआधीच, 2019 साली, एक निर्णय घेतला होता. समर्थकांनी स्वतःच्या मालकीचा वेगळा क्लब काढला आणि नाव ठेवलं बँगोर 1876. सुरुवात अगदी तळच्या ग्विनेथ लीगपासून, विद्यापीठाच्या मैदानावर. खालच्या दर्जाचं फुटबॉल, पण बघायला येणारी माणसं वरच्या लीगच्या काही सामन्यांपेक्षा जास्त. पायरी पायरीने चढत 2023 साली ते दुसऱ्या स्तरावर, कमरी नॉर्थमध्ये पोहोचले.

मीही सभासद झाले. वर्गणीची पावती हातात आली तेव्हा बाबांना फोन केला. ते म्हणाले, "चला, म्हणजे तिकडं पण तालीम सापडली म्हणायची." मला त्यात सगळं आलं. आमच्या पेठेतही मोठा पैसेवाला कधी संघाच्या मागे उभा राहिला, कधी राहिला नाही. पण तालमीची वही गल्लीतल्याच कुणाच्या तरी घरात असायची आणि तिच्यात कुणाचे किती हे कुणीही विचारू शकायचं. बँगोरच्या सभेत तसंच होतं. कुणी निवृत्त मास्तर उठून विचारतात की बसचं भाडं यंदा एवढं का वाढलं, आणि खजिनदाराला उत्तर द्यावं लागतं. हे प्रश्न कंटाळवाणे असतात. बॅरीत, रिलमध्ये, लानेलीत ते वेळेवर विचारायची सोय असती तर बरंच वाचलं असतं.

बॅरीने तर हे कोर्टात सिद्ध केलं. 2013 साली मोसमाचे दोन सामने उरले असताना मालकाने क्लब लीगमधून काढूनच घेतला. तोवर बरीच वर्षं संघ समर्थकच चालवत होते. असोसिएशनने त्यांना पुन्हा लीगमध्ये घ्यायला नकार दिला, म्हणून ते कोर्टात गेले आणि ऑगस्टमध्ये जिंकले. बॅरी टाउन युनायटेड या नावाने खालून सुरुवात करून 2017 साली ते वरच्या लीगमध्ये परतले आणि 2019 साली पुन्हा युरोपला गेले. मर्थर टिडफिल, ज्यांनी 1987 साली इटलीच्या अटालांटा क्लबला पेनिडॅरन पार्कवर 2-1 ने हरवलं होतं, तेही 2010 साली बुडाले आणि समर्थकांनी उभा केलेला मर्थर टाउन त्याच पेनिडॅरन पार्कवर आज खेळतो. रिलमध्येही समर्थकांनी नवा क्लब काढला. जी गावं आपला क्लब गमावून बसली त्यांनीच हे शिकून घेतलं आहे.

रेक्समला माझी एक मैत्रीण राहते, नागपूरची, तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहे. 2021 साली रेक्सम दोन हॉलिवूडच्या नटांनी विकत घेतलं आणि क्लबचं नाव जगभर झालं. ती मला म्हणते, "अगं, तुमच्या बँगोरलाही एखादा सिनेमावाला बघा की, कशाला त्या चिल्लरच्या डब्याशी बसताय." तिच्या गावाचा आनंद खरा आहे, मी तिच्याबरोबर रेसकोर्स या त्यांच्या फुटबॉल मैदानावर जाऊन तो पाहिला आहे. पण रेक्समही त्याआधी दहा वर्षं समर्थकांच्याच मालकीचं होतं. 2011 साली क्लब बुडायला निघाला तेव्हा गावकऱ्यांनी काही तासांत पैसा उभा करून तो वाचवला होता. नटांना विकायचं की नाही यावर सभासदांनीच मत दिलं. विकायला क्लब शिल्लक होता, तो त्या डब्यामुळे.

2026-27 च्या मोसमापासून लीगमध्ये बारांऐवजी सोळा संघ करायचं ठरलं आहे आणि असोसिएशनने देशांतर्गत फुटबॉलसाठी साठ लाख पौंड जाहीर केले आहेत. अॅबरिस्टविथ आणि न्यूटाउन हे पहिल्या मोसमापासून एकदाही खाली न गेलेले दोन क्लब 2025 साली एकदमच खाली गेले, तेव्हा मध्य वेल्समध्ये जे रितेपण आलं ते अशा वाढीने कदाचित भरून निघेल. माझं म्हणणं एवढंच आहे की हा पैसा विजेत्याच्या बक्षिसात आणि जाहिरातीत कमी घाला, मैदानांत जास्त घाला. गावाच्या नावावर राहील अशी जागा, कृत्रिम गवत, दिवे, हजारेक खुर्च्या. कायर्नार्वनने पुढचा युरोपचा सामना ओव्हलवर खेळावा, हॅवरफर्डवेस्टने आपल्या ब्रिज मेडोवर. क्लबांनीही जुलैचा पैसा मानधनात न वाटता स्टँडमध्ये घालायचं लेखी ठरवावं. सभासदांच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे, आणि पाठिंबा देणारे दोघे-तिघे आत्ताच मिळाले आहेत.

उत्तर वेल्समध्ये, चेस्टरकडे किंवा लिव्हरपूलला राहणाऱ्या मराठी मंडळींनी एखाद्या शनिवारी नांटपोर्थला जरूर यावं. सामने बहुधा अडीचला सुरू होतात, वारा खाडीवरून सरळ अंगावर येतो, तेव्हा जाड कोट आणा. पोरांना घेऊन या. आणि ड्रॉची चिठ्ठी घ्यायला विसरू नका.